मोटरसायकलचे महत्त्वाचे बोल्ट: जुनेच लावायचे की नवीन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खोलला, पॅड बदलले, आणि आता हातात दोन बोल्ट आहेत. दिसायला धडधाकट, आटे स्वच्छ, डोकं शाबूत. हेच परत लावायचे का? घरी गाडीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा बोल्टच्या दिसण्यावरून दिलं जातं, आणि चूक तिथेच होते. बोल्ट जागेवर कशाच्या जोरावर टिकतो आणि तो जोर एकदा खोलल्यावर शिल्लक राहतो का, हे पाहून ठरवायला हवं. पुढची सगळी उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत.

महत्त्वाचा बोल्ट म्हणजे नेमका कोणता?

चालत्या गाडीत हा बोल्ट सुटला किंवा तुटला तर काय होईल, असं स्वतःला विचारा. उत्तर "पॅनल खडखडेल" असं असेल तर तो साधा बोल्ट. उत्तर "ब्रेक लागणार नाही", "चाक अडकेल", "हँडल हातात येईल" किंवा "इंजिन फुटेल" असं असेल तर तो महत्त्वाचा. कॅलिपर आणि डिस्कचे बोल्ट, ब्रेक होजचा बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ब्रेकचं तेल जातं तो पोकळ बोल्ट), दोन्ही एक्सल, हँडल आणि फोर्क आवळणारे क्लॅम्प, स्विंगआर्मचा पिव्हट, शॉकचे आणि स्प्रॉकेटचे बोल्ट हे सगळे यात येतात. इंजिनच्या आत कनेक्टिंग रॉड, क्लचचा मधला नट, मॅग्नेटचा रोटर आणि कॅम स्प्रॉकेट. साइड स्टँडचा बोल्ट लोक विसरतात. वळणावर स्टँड खाली आला तर काय होतं, याचा विचार केला की तोही यादीत बसतो.

बोल्ट पकडतो कसा? घट्ट आवळला की झालं ना?

बोल्ट म्हणजे खूप कडक स्प्रिंग. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ५० मिमी लांबीचा पोलादी बोल्ट नीट आवळला तर साधारण ०.१ मिमी ताणला जातो. जाड कागदाइतकंही नाही. पण सगळी पकड तेवढ्या ताणावर उभी असते.

आता खरी अडचण पाहू. टॉर्क रेंच हा ताण मोजत नाही, फिरवायला लागलेला जोर मोजतो. त्या जोराचा ढोबळमानाने निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. म्हणजे घर्षण थोडं बदललं तरी त्याच आकड्यावर पकड बरीच बदलते. गंजलेला, माती भरलेला किंवा डोक्याखाली खरवडलेला जुना बोल्ट रेंचवर बरोबर आकडा दाखवेल, पण त्याची पकड अर्धवट असेल. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यावर तेल लावून आवळलात तर बोल्ट ठरल्यापेक्षा बराच जास्त ताणला जाईल.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. आखूड बोल्ट लांब बोल्टपेक्षा लवकर ढिले होतात, कारण त्यांचा ताण मुळातच कमी मिलिमीटरचा असतो. कॅलिपरच्या बसण्याच्या जागेवर पावडर कोटिंगचा जाड थर दिला आणि तो दबून थोडासा बसला, तरी आखूड बोल्टची पकड लक्षात येण्याइतकी उतरते. म्हणून बोल्टच्या डोक्याखाली आणि जोडाच्या पृष्ठभागांवर रंग राहू देऊ नका.

एकदा काढलेला बोल्ट कमजोर होतो का?

निव्वळ काढल्याने होत नाही. आपल्या लवचीक मर्यादेत आवळलेला बोल्ट सोडला की मूळ लांबीवर येतो आणि तेच काम परत करू शकतो. गाडीतले बरेच बोल्ट असेच असतात. "खोलला की फेकला" हा नियमही म्हणून चुकीचाच.

तीन परिस्थिती मात्र वेगळ्या. पहिली, बोल्ट मुद्दामच मर्यादेपलीकडे ताणण्यासाठी बनवलेला असतो. दुसरी, त्याला सुटण्यापासून अडवणारी गोष्ट (चिकट थर, नायलॉन, वाकवलेला पत्रा) एकदाच काम करणारी असते. तिसरी, वापरात तो झिजलेला, गंजलेला किंवा इजा झालेला असतो.

मग कोणते परत लावायचेच नाहीत?

सर्वात वर कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवा, उदाहरणार्थ पुढे ९० किंवा १२० अंश, अशी सूचना मॅन्युअलमध्ये असली की सावध व्हा. अशा पद्धतीत बोल्ट बहुधा लवचीक मर्यादेच्या टोकापर्यंत किंवा त्यापलीकडे ताणला जातो. त्यामुळे पकड घर्षणावर कमी अवलंबून राहते आणि सगळे बोल्ट एकसारखे आवळले जातात. पण तो बोल्ट कायमचा थोडा लांबतो. दुसऱ्यांदा तसाच फिरवला तर आणखी लांबतो, एका जागी बारीक होतो आणि इंजिन जोरात फिरत असताना तुटू शकतो. रॉड सुटला की क्रँककेसला भोक पडायला क्षण पुरतो. इथे माझी कुठलीच तडजोड नसते. एक उपयोगी गोष्ट लक्षात ठेवा: बेअरिंगमधली मोकळी जागा मोजायची असेल तर जुने बोल्ट लावून मोजा आणि नवे शेवटच्या जुळणीसाठी राखून ठेवा. नवे बोल्ट मोजणीत वापरले तर तेही वापरलेलेच झाले.

काही इंजिनांत हेडचे किंवा क्रँककेसमधले मुख्य बेअरिंगचे बोल्टही अंशांत आवळायचे असतात. ते नवे घ्यायचे की नाही हे मॅन्युअल स्पष्ट सांगतं. ते पाहिल्याशिवाय हात घालू नका.

बाकीच्या वस्तू छोट्या, पण नियम तोच. स्प्लिट पिन, पिस्टन पिनचे सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), बँजो बोल्टचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर आणि छिन्नीने ठोकून अडवलेला क्लचचा नट हे दर वेळी नवे. वाकवून अडवायच्या लॉक वॉशरची न वापरलेली जीभ शिल्लक असेल तर काही जण तो परत लावतात. मी लावत नाही. एकदा वाकवून सरळ केलेल्या पत्र्याला चीर गेलेली असू शकते, आणि तो तुकडा तुटला तर इंजिनच्या तेलात फिरत राहतो.

कॅलिपर आणि डिस्कच्या बोल्टचं काय?

सर्वात जास्त वाद इथेच होतात. या बोल्टच्या आट्यांवर बऱ्याचदा कारखान्यातूनच निळा, लाल, हिरवा किंवा पांढरा कोरडा थर दिलेला असतो. काहींमध्ये तो नायलॉनचा असतो आणि नुसता घट्ट बसून अडवतो. काहींमध्ये त्यात सूक्ष्म कुप्यांत भरलेला चिकट पदार्थ असतो. बोल्ट फिरवताना कुप्या फुटतात, पदार्थ मिसळतो आणि आट्यांत घट्ट होतो. दुसऱ्या प्रकारचा थर एकदाच काम करतो, कारण खोलताना तो जोड फुटलेला असतो. नायलॉनचा थर काही वेळा खोलझाप सहन करतो, पण दर वेळी त्याची पकड उतरत जाते.

म्हणूनच होंडाच्या अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कॅलिपर आणि डिस्कचे बोल्ट नवे लावा असं लिहिलेलं असतं. पोलाद थकलं असं त्यामागचं कारण नाही, थर संपला एवढंच.

मी हे स्वतःच्या हाताने शिकलो. मागची डिस्क बदलताना जुन्या बोल्टवर थर अर्धाअधिक दिसत होता, म्हणून तसेच लावले, टॉर्कही बरोबर दिला. काही आठवड्यांनी चाक काढलं तेव्हा पाचांपैकी दोन बोल्ट हलक्या हाताने फिरत होते. गाडीने काहीच कळू दिलं नव्हतं, ना आवाज, ना थरथर. तेव्हापासून डिस्कचे बोल्ट आधी मागवतो आणि मगच चाक काढतो.

जुना बोल्ट साफ करून थ्रेडलॉक (आट्यांत घट्ट होऊन बोल्ट अडवणारा द्रव) लावला तर चालेल का?

मॅन्युअल "नवीन" म्हणत असेल तर मी नवीनच लावतो. पण दोन "नवीन"मधला फरक समजून घ्या. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टला थ्रेडलॉक वाचवू शकत नाही, कारण तिथे धातूच ताणला गेलेला असतो. थराच्या बोल्टमध्ये गेलेली असते ती फक्त अडवणारी गोष्ट. ज्या ठिकाणी मॅन्युअल स्वतःच थ्रेडलॉक लावायला सांगतं, तिथे चांगल्या अवस्थेतला जुना बोल्ट नीट साफ करून परत लावणं योग्यच आहे.

"नीट साफ" म्हणजे खरोखर नीट. बोल्टवरचा आणि भोकातल्या आट्यांतला जुना थर वायर ब्रशने काढा, तेलाचा अंश राहू नये म्हणून ब्रेक क्लीनरने धुऊन सुकू द्या. मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक काही थेंबच पुरतो. हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तरच तो घट्ट होतो, आणि पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात. लावून लगेच फेरफटका मारायचा नाही. जास्त ताकदीचा लाल प्रकार विनाकारण लावू नका, पुढच्या वेळी तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. आणि हा द्रव प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्रकारच्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

नायलॉक नट किती वेळा वापरता येतो?

नायलॉक म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट. तपासायची पद्धत सोपी आहे: नट बोटांनीच नायलॉनच्या कड्यापलीकडे फिरत गेला तर तो फेकायचा. महत्त्वाच्या जागी मात्र मी ती वेळ येऊ देत नाही, दर खोलझापीला नवा लावतो. सायलेन्सरजवळ नायलॉक लावू नका. नायलॉन सुमारे १२० अंशांपुढे टिकत नाही. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट हवा.

एक्सल आणि स्विंगआर्मचा पिव्हटही दर वेळी बदलायचा का?

नाही. हे मोठ्या आकाराचे, भरपूर ताकदीचे भाग आहेत, वर्षानुवर्षं चालतात. पण दर वेळी तपासा. सपाट काचेवर गडगडवला तर वाकलेला एक्सल डगमगताना दिसतो. नीट मोजायचं तर व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावा. गेजचा काटा जेवढा फिरेल त्याच्या निम्मा खरा वाक समजतात, आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२० मिमी असते. वाकलेला एक्सल सरळ करून वापरणं हा पर्याय धरूच नका.

अपघात झालेल्या गाडीत पुढचा एक्सल, फोर्क आवळणारे क्लॅम्पचे बोल्ट आणि ज्या बाजूला मार बसला तिथले कॅलिपरचे बोल्ट मी डोळे झाकून बदलतो. एकदाच बसलेला मोठा धक्का दिसण्याजोगी खूण ठेवतोच असं नाही.

हेडचे स्टड आणि नट?

स्टड म्हणजे डोकं नसलेला, इंजिनात रोवलेला बोल्ट. अंशांत आवळायचे नसतील तर बहुतेक वेळा परत चालतात. आटे शाबूत हवेत आणि नट पूर्ण लांबीवर हाताने फिरायला हवा. मधेच अडकला तर स्टड तिथे ताणला गेला आहे असं धरा. सगळे स्टड शेजारी उभे करून लांबी ताडून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा लांब निघाला की तो बाद. मॅन्युअल आट्यांना आणि वॉशरखाली तेल लावायला सांगत असेल तर लावाच, कारण दिलेला आकडा तेल धरूनच काढलेला असतो. थंड इंजिनवर, समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा.

बोल्ट परत लावण्याजोगा आहे हे कसं तपासायचं?

आधी स्वच्छ करा. घाणीखाली काय आहे ते दिसल्याशिवाय निर्णय नको. मग नवा नट हाताने पूर्ण फिरवून बघा. त्याच मापाचा नवा बोल्ट शेजारी धरून आटे आट्यांत बसवा आणि दिव्यासमोर धरा. मधे कुठे फट वाढत गेलेली दिसली तर बोल्ट ताणला आहे. मान बारीक झाली आहे का, डोक्याखाली खरवडलं आहे का, ॲलन कीची जागा गोल झाली आहे का, हेही पाहा. पहिल्या काही आट्यांकडे जास्त लक्ष द्या. नटात गुंतलेला पहिला आटा एकटाच भाराचा जवळजवळ एक तृतीयांश वाटा उचलतो, म्हणून थकव्याची चीर बहुतेक तिथूनच सुरू होते.

वरवरचा तपकिरी गंज वेगळा आणि खड्डे पाडणारा गंज वेगळा. नखाला खड्डा लागला की तो बोल्ट महत्त्वाच्या जागी नको.

तसाच दिसणारा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणला तर?

सर्वात जास्त जपायची जागा ही आहे. डोक्यावरचे आकडे वाचायला शिका. ८.८ मध्ये पहिल्या ८ चा अर्थ तुटण्याची ताकद ८०० न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि दुसऱ्या ८ चा अर्थ त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० वर तो कायमचा ताणू लागतो. १०.९ साठी हेच आकडे १००० आणि ९००. नेहमीचा स्टेनलेस ए२-७० मात्र ७०० आणि ४५० वरच थांबतो. चकचकीत स्टेनलेस बोल्ट कॅलिपरवर लावले जातात ते ही गोष्ट माहीत नसल्यामुळे. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटून जाम होऊ शकतात, आणि ॲल्युमिनियममध्ये पाणी लागलं की ॲल्युमिनियमच गंजू लागतं.

जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला, असंही नाही. १२.९ जास्त कडक असतो आणि गंजाच्या वातावरणात ठिसूळ होऊन तुटण्याचा धोकाही जास्त.

आट्यांची चाल (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) तपासा. अनेक जपानी गाड्यांत १० मिमीचे बोल्ट १.२५ चालीचे असतात, दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. दोन फेरे फिरतो, मग घट्ट लागतो, आणि तिथे जोर लावला की कॅलिपरचे किंवा फोर्कचे ॲल्युमिनियमचे आटे गेले. लांबीही तितकीच महत्त्वाची. बंद भोकात बोल्ट जास्त लांब असेल तर तळाला टेकतो. रेंच आकडा दाखवतो, पण जोड आवळलेलाच नसतो. काही बोल्टना मधे बिनआट्यांचा नेमक्या मापाचा भाग असतो आणि तो जोड जागेवर धरतो. त्याजागी पूर्ण आट्यांचा बोल्ट चालणार नाही.

गंजलेला बोल्ट आम्लात बुडवून साफ करू का? झिंकचा मुलामा देऊन घेऊ का?

१०.९ आणि १२.९ च्या बोल्टना यातलं काहीच करू नका. आम्ल आणि मुलाम्याच्या प्रक्रियेत तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. असा बोल्ट आवळल्यावर तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, अचानक तुटू शकतो.

स्प्रिंग वॉशर घातला तर बोल्ट सुटणार नाही ना?

त्याच्यावर भरवसा ठेवू नका. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर यांनी जोडाला आडवे हादरे देणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की बोल्ट स्वतःहून फिरून सुटतो, हे त्यातून दिसलं. अशा चाचणीत स्प्रिंग वॉशर फारसे टिकत नाहीत. मूळ जोडात नसलेला वॉशर घालणं तर त्याहून वाईट, कारण दबणारा एक पृष्ठभाग वाढतो.

बोल्ट ढिला सापडला. परत आवळला की झालं?

नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. नीट आवळलेल्या बोल्टला चाकाच्या प्रत्येक धक्क्याचा थोडाच भाग जाणवतो, बाकीचा जोडाचे दाबलेले भाग झेलतात. ढिला झाला की प्रत्येक धक्का पूर्ण त्याच्यावर येतो. हजारो धक्क्यांत आत चीर सुरू झालेली असू शकते. वरून बोल्ट ठीक दिसतो, तुम्ही परत बरोबर टॉर्क देता, आणि तो नंतर कधीतरी तुटतो. जास्त आवळण्याची भीती सगळ्यांना असते, कमी आवळण्याची नसते, आणि थकव्याने तुटणारे बोल्ट बहुतेक कमी पकड असलेलेच असतात. ढिला सापडलेला महत्त्वाचा बोल्ट बदला, त्याच जोडातले बाकीचेही बदला, आणि ढिला का झाला ते शोधा.

टॉर्क रेंचशिवाय अंदाजाने चालेल?

महत्त्वाच्या बोल्टना नाही. ६ मिमीच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात आणि हाताचा अंदाज इथे सर्रास जास्त जातो. रेंच वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर तपासून घ्यावा. काम झाल्यावर तो सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. एअर गन फक्त खोलायला.

मॅन्युअल हाताशी नाही. बोल्ट पाहून काही कळतं का?

थोडं कळतं. आट्यांवर रंगीत थर असेल तर तो एकदाच वापरायचा धरा. मधला भाग आट्यांपेक्षा मुद्दाम बारीक केलेला असेल तर तो ताणण्यासाठी बनवलेला असण्याची शक्यता मोठी. नटाच्या कडेला ठोकल्याची खूण असेल तर नवा लागेल. यापलीकडे अंदाज बांधू नका, इंजिनच्या आतल्या बोल्टबाबत तर मुळीच नाही. मॅन्युअल मिळेपर्यंत काम थांबवा.

सगळं जोडल्यावर काय तपासायचं?

प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टचं डोकं आणि शेजारचा भाग यांवर रंगाची एक सलग रेघ ओढा. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या छोट्या फेरीनंतर गाडी थंड होऊ द्या आणि रेघा पाहा. थ्रेडलॉक लावलेला बोल्ट रेंच लावून पुन्हा फिरवू नका, त्याने झालेला जोड फुटतो. तिथे रेघच तपासायची.